शेठने सोडलं नाही

किस्से सांगणं हा माझा धंदाच म्हणा. मांडवात बसवा, नाहीतर तेराव्याच्या पंगतीत – माझ्याभोवती माणसं जमतातच. पण ही एक गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेली नाही. बायकोलाही माहीत नाही. तुम्हाला सांगतोय – कारण सांगताना तुमचा चेहरा मला बघावा लागणार नाही.

भिवंडीत साड्यांच्या दुकानात मी मॅनेजर आहे. लगनसराईत आमच्याकडे बस्ते बांधायला गर्दी असते. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत, आणि त्या बैठकीला अर्धं गाव. नवरीची आत्या रुसते, नवऱ्याची मावशी रंगावरून तोंड फिरवते, एखादी म्हातारी गादीवर आडवी होऊन घोरायला लागते. या सगळ्यांना चहा पाजत, हसवत शालूपर्यंत आणायचं – हे माझं काम. मी काय करायचो? शालू स्वतःच्या अंगावर घ्यायचो, पदर डोक्यावर ओढायचो आणि गादीवर लाजत लाजत चालायचो. मिशीसकट. बायका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. लोक जिन्यातच विचारत यायचे – तो नवरी होणारा मॅनेजर आहे ना?

मला ते फार आवडायचं. हे लक्षात असू द्या.

त्या दिवशी कोन गावाहून मोठा बस्ता यायचा होता. आई बरेच महिने अंथरुणाला खिळलेली, दिघाशीला, धाकट्या भावाकडे. दुकान उघडतोय तोच त्याचा फोन – "दादा, आईस तुझंच नाव घेते. आजचा दिस काय खरा न्हाय. निघ तू."

दिघाशी काय लांब आहे? रिक्षा केली असती तर जेवणाच्या आत पोचलो असतो. मी काय म्हटलं? म्हटलं, "शेठ सोडत नाही रे. सीझन आहे. संध्याकाळी येतो."

शेठला मी विचारलंच नव्हतं.

उलट माझा चेहरा बघून तेच गल्ल्यावरून उठून आले. "क्या हुआ? माताजी? तू जा रे. कोनवाल्यांना मी बघतो." आणि मी – मी हसून म्हटलं, "बरी आहे ती, शेठ. भाऊ उगाच घाबरतो."

का म्हटलं असेन? तिला तशा अवस्थेत बघवलं नसतं, असं म्हणू? तसं म्हटलं तर तुम्हाला माझी दया येईल. पण तसं नव्हतं. कोनची माणसं जिना चढत होती आणि एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "हाच तो." बस. एवढंच होतं.

त्या दिवशी मी फार रंगात आलो. डाळिंबी शालू नेसून सासरी निघालो, रडलो, उंबरठ्यावर अडखळलो. शालूच्या निऱ्यांखाली, पँटच्या खिशात फोन थरथरत होता. मी चालत राहिलो. लोक हसत राहिले. मग फोन थरथरायचा थांबला.

आई गेली ती त्याच वेळी.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, जवळची माणसं डबे आणतात. दुसऱ्या दिवशी शेठ आले. हातात मोठा डबा – पिठलं आणि तांदळाच्या भाकऱ्या, आमच्यासारख्या, घरी मुद्दाम करवून घेतलेल्या. भाऊ ओट्यावर बसला होता. तो उठला नाही. "आईसला शेवटचं बघू दिलं न्हाय याला तुम्ही," तो म्हणाला. "आता भाकर आनलीत? गिऱ्हाईक संपली काय?"

शेठने माझ्याकडे बघितलं. मी खांबाला टेकून उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं – आणि वाक्यांची मला कधी कमी पडली आहे का? मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

शेठ भावाला म्हणाले, "गलती हो गई, बेटा." डबा तसाच हातात घेऊन ओटा उतरून गेले.

कामावर परतलो तेव्हा त्यांनी मला पाणी दिलं, माझ्या जागेवर बसवलं. तो विषय त्यांनी आजवर काढलेला नाही. मी त्यांच्या नजरेला नजर देत नाही, आणि त्यांनी ते कधी दाखवूनही दिलेलं नाही. भाऊ मात्र आमच्या दुकानासमोरून जाताना अजून मान फिरवतो. गावात कुणी माझी चौकशी केली की सांगतो – दादाला त्या मानसानं आयशीजवळ येऊ दिलं न्हाय. लोक हळहळतात. माझ्या पाठीवर हात ठेवतात. मी तो ठेवू देतो.

यंदा पुतणीचं लग्न. बस्ता कल्याणला बांधला – त्या मानसाच्या दुकानात पाय ठेवनार न्हाय, असं भाऊ म्हणाला. मोठा म्हणून मला गादीवर पुढे बसवलं. तिथल्या एका सेल्समनने शालू उचलला, अंगाला गुंडाळला, पदर डोक्यावर घेतला आणि लाजत चालायला लागला. सगळे हसले. भाऊ सगळ्यात मोठ्याने. हसता हसता माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "दादा, तू पन असाच करतोस काय रे?"

मी म्हटलं, "न्हाय रे. मी कुठला."

आणि त्याच्याबरोबर हसलो.