नळाखाली धुतलेली नळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बापाला मी मारलं, आणि ते झाकायला त्याची लघवीची नळी नळाखाली धुऊन परत घातली.

तुळिंजच्या एका लॅबमध्ये मी वीस वर्षं लघवीचे नमुने तपासतोय. जंतू कसा चिकटतो ते मला पाठ आहे. अंगातून तो प्रथिनाचे मणी एकेक करून बाहेर ढकलतो. एका मण्याचं मोकळं टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसतं, आणि धागा लांबत जातो. सगळ्यात आधी बाहेर येतो टोकाचा मणी, गळासारखा. तो मूत्राशयाच्या भिंतीला धरतो, आणि लघवीची धार ओढेल तशी त्याची पकड आवळते. नळीवरही जंतूंचा असाच थर बसतो. पाण्याने तो जात नाही. नव्याने कामाला लागलेल्यांना हे मीच शिकवतो.

त्या दुपारी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या घरी अंथरुणाला खिळलेला बाप आणि मी दोघंच होतो. बहीण मासळी घेऊन बाजारात गेलेली. ताप बापाच्या डोक्यात चढलेला, मला ओळखेना. "कोन रं तू? माजं जालं चोरतस?" म्हणत त्याने लाथ घातली आणि मूत्राशयात फुगा भरून अडकवलेली नळी तशीच उपसून काढली. गादीभर रक्त. हात धरायला गेलो तर मनगटाला कडकडून चावला. "सोर मना, चोरा!"

"चोर? तुझं गू-मूत काढतोय मी!"

थोबाडीत मारली. एकदा नाही, ओठ फुटेपर्यंत. मग जाळ्याच्या दोरीने त्याचे हात खाटेला बांधले.

नवी नळी आणायला वसईत जावं लागलं असतं, आणि बहीण येण्यात होती. चादर बदलली, फुगा रिकामा करून नळी धुतली, जोर लावून आत सारली आणि फुगा पुन्हा भरला. तो किंचाळला, तेव्हा तोंड दाबलं. दोरी सोडली ती बहिणीची चाहूल लागल्यावर.

"ओठाला काय झालं रं बापसाच्या, दादूस?"

"खाटेवरनं पडला."

चौथ्या दिवशी जंतू रक्तात पसरून बाप गेला. डॉक्टरांनी विचारलं, "लघवीची पिशवी कोण रिकामी करायचं?"

"मीच," बहीण म्हणाली. "मासलीचे हात असतील माजे."

मी शेजारीच उभा होतो.

आता ती मासळी विकत नाही. दिवसभर हात धुते, बोटं चिरलीत. परवा म्हणाली, "तू शिकलेला ना दादूस, खरं सांग. माज्या हातानंच गेला ना बापूस?"

मी चहा पीत राहिलो.

तिला उत्तर देणं माझ्याकडे बाकी आहे. हात माझे होते.