पप्पांची टाकी आणि शिकाऱ्याचं लोखंड

शाळा संपली आणि मी बहारीनमध्ये, मआमीरच्या एका वर्कशॉपमध्ये टायपिंगला बसू लागले. पप्पा तिथंच कामाला होते, म्हणून आईने हरकत घेतली नाही. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, एसी आणि एक खिडकी. खिडकीतून सगळं दिसे आणि कुणाशी बोलावं लागत नसे. मला ते बरं वाटायचं.

वर्कशॉपचं काम लोखंड झाकायचं. बहारीनच्या हवेत मीठ आहे. रात्री बाहेर राहिलेला पाना सकाळी तांबूस झालेला असतो. पाइप असो की जिना, आधी वाळूच्या माऱ्याने घासून पांढरा करायचा, मग त्यावर रंग चढवायचा. पप्पा इतकी वर्षं त्या वाळूवर होते. तोंडावर मुखवटा असूनही घरी येताना गाडीत खोकत राहायचे. त्या वर्षी त्यांनी मालकाच्या मागे लागून एक जुनी टाकी घ्यायला लावली होती. पक्कडीच्या मुठीवर असतं तसं प्लास्टिक चढवायची टाकी. वस्तू भट्टीत तापवायची, पातळ प्लास्टिकात बुडवायची, पुन्हा भट्टीत ठेवायची. काम छपराखाली, पंख्याखाली. मालक, म्हणजे आमचे अरबाब, बहारीनी होते, आमच्याशी हिंदीत बोलत. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, "काम आया तो तू टंकी पे. नहीं आया तो टंकी बेचेगा, तू वापस रेती पे."

बरेच दिवस कुणीच आलं नाही. पप्पा तरी रोज टाकी पुसून ठेवायचे.

मग एक अमेरिकन इंजिनियर आला. त्याने पिकअपमधून लोखंडाच्या दोन चौकटी उतरवल्या आणि भराभर इंग्रजीत बोलू लागला. पप्पांनी मला हाक मारली. मी बाहेर गेले, ऐकलं आणि पप्पांना सांगितलं. एक चौकट बसायची, दुसरी पाय ठेवायची. दोन्हींची कडी झाडाला मागून मिठी मारते. वरची सरकवायची, मग पायांनी खालची ओढायची, असं सुरवंटासारखं वर जायचं. गुरुवारी तो लीव्हवर घरी जाणार आणि तिकडच्या जंगलात हरणाच्या शिकारीसाठी झाडावर बसणार. लोखंड इथं गंजायला लागलंय. वर काही चढवा, पण ते चकाकायला नको, वाजायला नको, त्याला वास नको.

"वास?" पप्पा म्हणाले. "हरीण काय जेवायला येतंय?"

"हरणाला लगेच कळतं म्हणतो."

"आणि हा एवढा सहा फुटी गडी वर बसलेला कळत नाही वाटतं? असू दे. सांग त्याला, मुंगी शिरेल एवढी जागा ठेवणार नाही."

पप्पांनी शब्द पाळला. तपकिरी रंग स्वतः कालवला. दोनदा बुडवलं. प्लास्टिकचा वास जावा म्हणून चौकटी वाऱ्यावर टांगून ठेवल्या. मग पाइपांसाठी असते ती बॅटरीची पेटी आणली. ओला स्पंज लोखंडावरून फिरवायचा; कुठे टाचणीएवढं भोक राहिलं असेल तर पेटी किंचाळते. पप्पांनी प्रत्येक कोपऱ्यावरून स्पंज फिरवला. पेटी गप्प राहिली. मला बोलावून त्यांनी पुन्हा फिरवून दाखवलं.

बुधवारी दुपारी अमेरिकन आला. चौकटी एकमेकींवर आपटल्या तर नुसता ठप् असा आवाज. तो खुश झाला. पप्पा म्हणाले, "आता चढून दाखव म्हणावं." मी सांगितलं. वर्कशॉपमागे एक खजुराचं झाड होतं. त्याला कडी अडकवून तो वर चढू लागला, कमरेएवढा गेला आणि सर्रकन खाली येऊन वाळूत बसला.

कुणी हसलं नाही. त्याने चौकट उलटी केली, आतल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि पप्पांकडे बघितलं. तिथं लोखंडाचे दात होते. वजन पडलं की ते सालीत रुततात, त्यांच्यावरच माणूस टिकून राहतो. पप्पांनी त्यांनाही जाडजूड प्लास्टिक चढवलं होतं.

"दात उघडे हवेत," मी सांगितलं.

"उघडे?" पप्पा चिडले. "एक कोपरा उघडा राहिला की गंज तिथूनच आत शिरतो. सगळा पाइप जातो."

"पप्पा, हा पाइप नाही."

पप्पांची नजर टाकीकडे गेली. मला ठाऊक होतं त्यांना काय दिसत होतं: टाकी विकलेली आणि आपण परत वाळूवर. त्यांनी सुरी तापवली आणि दातांच्या मुळाशी सरळ रेघेत प्लास्टिक कापलं, कड गरम पात्याने दाबून बंद केली. दात पुन्हा धारदार निघाले. अमेरिकनने हात पुढे केला, पण पप्पा चौकट सोडेनात.

"नागडं लोखंड मी माझ्या हातून देणार नाही. थोडं तेल तरी लावतो."

अमेरिकनने नाक धरून दाखवलं. तेलाचा वास चालणार नव्हता.

"मेणबत्ती," मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. वीज गेली तर लागेल म्हणून माझ्या ड्रॉवरमध्ये एक होती. मी ती आणली आणि त्याच्यापुढे धरली. त्याने हुंगली, चालेल म्हणून मान डोलावली. पहिल्या झाडावरच मेण खरवडून जाईल, पण तोवर गंज धरणार नाही, एवढं मी इंग्रजीत एका दमात बोलून गेले. पप्पा दातांवर मेण घासत होते.

"आता मी चढतो," ते म्हणाले. "लावलंय मी, पडायचं तर मीच पडेन."

आणि ते चढले. दात खजुरात करकर रुतत होते. वसईला लहानपणी ते ताडावर चढत, असं आई सांगायची. मला ते कधी खरं वाटलं नव्हतं. छपराच्या वर जाऊन ते चौकटीत आरामात बसले.

तेवढ्यात मालकांची गाडी आली.

"ए! ऊपर क्या करता है? यल्ला, नीचे आओ!"

"पहले बोलो, टंकी मेरी?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, अमेरिकनकडे पाहिलं. अमेरिकन चौकटींकडे बोट दाखवून म्हणाला, पुढच्या आठवड्यात माझे दोन मित्र असल्याच वस्तू घेऊन येतील. मी ते हिंदीत सांगितलं.

"इंशाल्ला, इंशाल्ला. नीचे आओ."

"इंशाल्ला नहीं, अरबाब. हाँ बोलो."

"हाँ बाबा, हाँ! टंकी तेरी. रेती खलास. अभी गिर के मरना नहीं!"

अमेरिकनने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, पप्पा आता उतरतील. ते कडीला धरून बसूनच राहिले.

"पप्पा, या ना खाली. त्याला जायचंय."

"थांब गं बाय. सित्र्याची खाडी दिसतेय इथून. जरा बघू दे."