कर्णिकांची सायकल दिव्याला जाते

पनवेलच्या पोस्टात कृष्णकांत कर्णिक सॉर्टर होते. आलेल्या पत्रावरचा पत्ता वाचायचा आणि पत्र त्या गावाच्या खणात टाकायचं, एवढं काम. सत्तावीस वर्षांत आपल्या हातून एकही पत्र चुकीच्या गावाला गेलेलं नाही, हे ते नव्याने ओळख झालेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत सांगत. जुन्या ओळखीच्यांनाही सांगत, फक्त जरा उशिरा.

रायगड जिल्हा त्यांना तोंडपाठ होता. कुणी अजून जुन्या नावाने ‘जिल्हा कुलाबा’ लिहिलं तरी चालायचं, पिनकोड नसला तरी चालायचं. यशवंतखार, चोरढे, साळाव, कोर्लई, बोर्ली, नांदगाव... नाव वाचून होण्याआधी हात खणाशी पोचलेला असायचा. गंमत म्हणजे यातलं एकही गाव त्यांनी पाहिलं नव्हतं. लग्नकार्यं ठाण्याला आणि सासुरवाडी पुण्याला, त्यामुळे त्या बाजूला जायचं कारणच कधी पडलं नाही.

एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत, निवृत्तीला तीन महिने उरले असताना, त्यांनी तीन दिवसांची रजा टाकली. सायकल गाडीत घालून रोह्यापर्यंत जायचं, तिथून खाडीच्या कडेने साळाव आणि मग समुद्राच्या बाजूने थेट मुरूड. साठ-पासष्ट किलोमीटर म्हणजे रोज चार तास सायकल मारणाऱ्या माणसाला काहीच नाही, असं ते म्हणाले. ते स्वतः रोज घर ते पोस्ट अशी दहा मिनिटं मारत.

"सगळी गावं एकदा डोळ्यांनी बघून घेतो," त्यांनी बायकोला सांगितलं.

"बघून घ्या," कुमुदकाकू म्हणाल्या, "पण स्टीलचा डबा देणार नाही. तुम्ही तो परत आणत नाही." आणि त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून लाडू दिले.

सकाळी स्टेशनवर कर्णिकांनी तिकीट काढलं, सायकलच्या लगेजची पावती केली आणि दांड्याला ‘रोहा’ असं लेबल बांधलं. हमाल पुढे आला तर त्याला हातानेच थांबवलं. सॉर्टिंगच्या जोडीला गेली बारा वर्षं पोस्टाच्या थैल्या रोज सकाळी गाडीत चढवणाऱ्या माणसाला एक सायकल चढवायला हमाल कशाला हवा?

तेव्हा तिथे एकेरी रूळ होते. ठाण्याजवळच्या दिव्याकडे जाणारी आणि रोह्याकडे जाणारी अशा दोन्ही गाड्या पनवेललाच एकमेकींना वाट देत. त्या दिवशी दिव्याची गाडी आधी आली. कर्णिकांच्या डोक्यात ऐकून माहीत असलेला चोरढ्याचा चढ घोळत होता. त्यांनी सायकल उचलली, गार्डाच्या डब्यात सरकवली, ओळखीच्या गार्डाला मान डोलावली आणि चहा प्यायला गेले. सायकल पोस्टाचीच असणार असं समजून गार्डाने काही विचारलं नाही. मग पलीकडे रोह्याची गाडी लागली आणि कर्णिक आरामात खिडकीशी जाऊन बसले. पेणपर्यंत दोन लाडू संपले.

रोह्याला उतरून ते गार्डाच्या डब्याशी गेले. आत चार करंड्या आणि एक शिवणयंत्र.

"सायकल? पनवेलला सायकल चढलीच नाय, काका," गार्ड म्हणाला.

"अहो, मी स्वतः चढवली, या हातांनी."

"कंच्या गाडीत?"

कर्णिकांना सकाळचा प्लॅटफॉर्म आठवला. बारा वर्षं पोस्टाच्या थैल्या जात होत्या त्या दिव्याच्या गाडीत. हातांनी रोजचं काम केलं होतं.

गार्ड भला माणूस. सायकल संध्याकाळच्या गाडीने दिव्याहून पनवेलपर्यंत परत येईल, तसा निरोप देतो, म्हणाला. पण ती गाडी पनवेललाच संपते. तेव्हा तिथे कुणीतरी सायकल उतरवून घ्यायला हवी आणि उद्या सकाळी रोह्याच्या गाडीत चढवायला हवी.

कर्णिकांच्या घरी फोन नव्हता, शेजाऱ्यांकडेही नव्हता. पाठ असलेला नंबर एकच, पोस्टाचा. तिथे फोन करायचा म्हणजे सत्तावीस वर्षांचं नाव स्वतःच्या तोंडाने धुळीला मिळवायचं. दुसरा मार्ग सोपा होता. दुपारच्या गाडीने परत जायचं आणि गुडघा दुखला म्हणून सांगायचं. गुडघा खरंच थोडा दुखत होताही.

पण मग मुरूड गेलं. निवृत्तीनंतर जाऊ, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं आणि ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही. अर्धा तास बाकावर बसून ते एसटीडी बूथमध्ये शिरले.

फोन उचलला वसुंधराने. दुसऱ्या कुणीही उचलला असता तर बरं, अशीच ही मुलगी. नोकरीला लागली त्या वर्षी तिने मुरूडजवळच्या नांदगावचं पत्र नाशिककडच्या नांदगावला धाडलं होतं आणि कर्णिकांनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. "आधी जिल्हा वाचायचा. डोळे कामासाठी आहेत की दाखवायला?" हे वाक्य त्यांना तेव्हा फार आवडलं होतं.

"काका? रोह्याहून? पडलात का कुठे?"

गुडघा अगदी ओठांवर आला होता. "नाही. सायकल दिव्याला गेली. मीच चुकीच्या गाडीत घातली."

पलीकडे कुणी हसलं नाही. वसुंधराने पावतीचा नंबर विचारला, लिहून घेतला, परत वाचून दाखवला. "मी संध्याकाळी जाऊन उतरवून घेते. उद्या सकाळी चढवते. काकूंनाही सांगून येते."

"आणि हे ऑफिसात कुणाला..."

"ऑफिसात त्याचं काही नवल नाही वाटणार, काका."

"म्हणजे?"

ती अडखळली. "म्हणजे, दिवाळीपासून तुमचे खण थैल्या बांधायच्या आधी एकदा बघतो आम्ही. आठवड्याला दोन-चार चुकलेली निघतात. चष्म्याचा नंबर बदलला असेल तुमचा."

"कोण बघतं?"

"मीच."

कर्णिकांचे कान तापले. रोज साडेचारला ते चहाला उठायचे आणि भेटेल त्याला आपली सत्तावीस वर्षं ऐकवायचे. तेवढ्या वेळात ही मुलगी त्यांच्या खणातली पत्रं योग्य खणात टाकायची आणि वर त्यांची ती बढाईही ऐकून घ्यायची. त्यांना आपली लाज वाटली.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो तुला," ते म्हणाले, "ते चुकलं माझं."

"जाऊ द्या हो. जिल्हा आधी वाचायची सवय मला त्यानेच लागली." आणि ती म्हणाली, "काका, मिनिटं वाढताहेत. ठेवा आता."

रात्र त्यांनी धर्मशाळेत काढली आणि चांगली झोप लागली, याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी सायकल आली. तीनपैकी दोन दिवस उरले होते, पण मुरूडला पुरेसे होते.

स्टेशनबाहेर रस्त्याला दोन फाटे फुटत होते. साळाव कुठल्या दिशेला हे सत्तावीस वर्षांच्या सॉर्टरला काय सांगायला हवं? कर्णिकांनी हँडल वळवलं, एक पायडल मारलं आणि थांबले. समोर एक बाई टोपली खाली ठेवून बसली होती.

"साळावला हाच रस्ता ना?"

"ह्यो नाय. तो पलीकडचा. लांब हाय, काका."

कर्णिकांनी हँडल फिरवलं आणि पलीकडच्या रस्त्याला लागले. अर्ध्या मैलावर आणखी एक फाटा आला. तिथे ते सायकलवरून उतरले आणि पुन्हा एकाला विचारलं.