सोमवारची ट्रायल

मास्तरांच्या दुकानात भिंतीवर एकच पाटी आहे, त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली: 'ट्रायल घेतल्याशिवाय कपडा मिळणार नाही.' गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याची बस सुटत असो की साहेब वाट बघत असो, पडद्यामागे जाऊन कपडा अंगात घालायचा, हात वर करायचे, उकिडवं बसायचं, पुन्हा उभं राहायचं, मगच मास्तर तो पिशवीत घालणार. शाळा सातवीतच सुटलेला हा माणूस शिवणयंत्रामुळे मास्तर झाला. पण त्याच्यासमोर भलेभले हेडमास्तर हात वर करून उभे राहिलेत.

मास्तर कोणाचं ऐकून घेत नाहीत. दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या सिस्टर नव्या युनिफॉर्मचं माप द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "जरा अंगाबरोबर करा हो, मास्तर. मागच्यात मी गोणीत बसल्यासारखी दिसते."

मास्तरांनी टेप गळ्यात टाकली. "सिस्टर, लांबी कमी-जास्त झाली तर खपून जातं. घेर चुकला की संपलं. काखेत घट्ट झालं की हात वर होत नाही. मग इंजेक्शन काय खालून द्याल?"

दुकानातली चार माणसं खो खो हसली. सिस्टर लाल झाल्या, पण युनिफॉर्म मास्तर म्हणाले तसाच शिवून घेतला. हे वाक्य मास्तरांचं ठेवणीतलं. दिवसातून एकदा तरी ते कोणाच्या ना कोणाच्या तोंडावर फेकायचेच.

अशा माणसाचं हसं झालं ते बाहेर कुठे नाही, स्वतःच्या पलंगावर.

दुकानाच्या मागे दोन खोल्या, त्यात मास्तर, बायको आणि शाळेत जाणारी दोन पोरं. बायको काज-बटणं आणि तुरपाई करते. तिचा टाका मास्तरांच्या टाक्यापेक्षा बारीक, जीभ सुईहून टोकदार. दुकान सोमवारी बंद. पोरं अकराला शाळेत जातात, पाचला येतात. तेव्हा सोमवारची दुपार ही दोघांची. बारा वर्षं त्या दुपारी घराची कडी आतून लागत आली आहे. हे गल्लीला ठाऊक आहे आणि गल्ली एवढी शहाणी की त्या वेळी कोणी दार वाजवत नाही. अपवाद एकच, शेजारचा इस्त्रीवाला. मास्तरांनी सोमवारी दुकान उघडलं तर आपल्याला चार पँटी जास्त मिळतील, असा त्याचा जुना हिशेब. त्यामुळे तो अधूनमधून खोकून जायचा.

यंदा गोष्ट बिघडली. बायकोने आधी वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्या. डोकं ठणकायला लागलं, रक्तदाब चढला. मग तांबी बसवली. अंगावरून इतकं जायला लागलं की काढावी लागली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोळीही पुन्हा कधी घ्यायची नाही. घरी आल्यावर बायकोने दवाखान्यातून मिळालेला कंडोमचा खोका कापायच्या टेबलावर, नेमका खडू आणि कात्रीच्या मधोमध ठेवला.

"बाळंतपणं माझी, गोळ्या माझ्या, तांबी माझी," ती म्हणाली. "बारा वर्षं झाली. आता तुमची पाळी. एवढंसं रबर आहे, त्याने काही रक्तदाब चढत नाही."

मास्तर फुशारकीने म्हणाले, "त्यात काय! आयुष्यभर लोकांना कपडे चढवले."

पहिला सोमवार. सगळं छान चाललं होतं. मग मास्तरांनी पाकीट हातात घेतलं. फाटेना. बोटं घामेजलेली, कागद बुळबुळीत. मास्तरांनी सवयीने उशाशेजारच्या शिवणाच्या टोपलीत हात घातला आणि घेतली ना कात्री!

"अहो!" बायको ओरडली. "ठेवा ती! एका घावात दोन तुकडे कराल!"

पाकीट दाताने फाडलं. मग ते उलटं धरलं, उलगडेना. सुलटं केलं. ते जेमतेम चढलं, एवढ्यात ज्याच्यासाठी हा खटाटोप, तोच बसला. बसमध्ये उभा असलेला माणूस सीट रिकामी होताच पटकन बसतो, तसा. चेहऱ्यावर जरासुद्धा संकोच नाही.

दुसऱ्या सोमवारी मास्तरांनी शहाणपणा केला. घाई नको म्हणून दोन पाकिटं आधीच फाडून, टाचण्या मांडतात तशी उशाशी ओळीने मांडून ठेवली. वर पंखा फुल्ल. वेळ आली तेव्हा दोन्ही सुकून फुग्याच्या चिंधीसारखी झालेली. तिसऱ्या सोमवारी चार वेळा चढवलं, चार वेळा तेच. चौथ्या वेळी मास्तर मान खाली घालून दर दोन क्षणांनी तपासायला लागले, आहे का, आहे का. दुधावर नजर ठेवली की दूध उतू जात नाही म्हणतात ना, तसं. बायकोला आधी कीव आली, मग हसू आलं, आणि ते दाबायला तिने तोंडात उशीचा कोपरा घातला. उशी हलायला लागली.

मास्तरांचं डोकं सटकलं. "हस! हस! माल खराब आहे, फुकटचा माल! त्यात मी काय करणार?"

बायको उठून बसली. हसू गेलं होतं. "माल खराब असेल नाहीतर कारागीर. मला दोष द्यायचा नाही, बस. पण एक सांगते. गोळी मी पुन्हा घेणार नाही, आणि देवभरोसेही चालणार नाही. येत्या सोमवारी जमलं तर जमलं. नाहीतर त्यापुढच्या सोमवारपासून दुकान उघडा. कडी लावून एकमेकांची तोंडं बघत बसण्यापेक्षा चार पँटी तरी होतील."

बाहेरून खोकल्याचा आवाज आला. इस्त्रीवाल्याने फक्त 'सोमवारपासून दुकान उघडा' एवढंच ऐकलं होतं आणि त्याला ते फार आवडलं होतं.

मास्तरांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. दुकान उघडा! बारा वर्षांचा सोमवार! धंद्यातली मंदी पाहिली, भाडेवाढ पाहिली, पण सोमवार कधी गेला नव्हता. त्या दुपारी नुसतं तेवढंच नसायचं. नंतर दोघं भिंतीला टेकून बसायची, ती पोरांच्या नकला करायची, ते गिऱ्हाइकांच्या. आठवड्यातून एकदाच तिला ते "अगं" न म्हणता लाडाच्या नावाने हाक मारायचे. ते नाव इथे सांगायचं कारण नाही.

बुधवारी दुपारी मास्तरांनी दुकानाचा पडदा ओढला, टेप घेतली आणि स्वतःचं माप घेतलं. आकडा कागदावर लिहिला, घडी घातली आणि तडक दवाखाना गाठला.

सिस्टर टेबलाशी बसल्या होत्या, मास्तरांनीच शिवलेल्या युनिफॉर्ममध्ये. रांग संपेपर्यंत मास्तर भिंतीवरचं हिवतापाचं पोस्टर वाचत उभे राहिले. मग खुर्चीवर टेकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सिस्टर, माझ्या एका गिऱ्हाइकाची तक्रार आहे. तुमच्याकडून नेलेल्या मालाबद्दल."

"कसल्या मालाबद्दल?"

मास्तरांनी खिशातलं पाकीट चोरट्या मालासारखं टेबलाच्या कडेवर सरकवलं. सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. चेहरा हलला नाही. असल्या बायकांना खरं तर बक्षीस द्यायला हवं. गावातले निम्मे संसार यांच्या न हसण्यावर टिकलेले असतात.

"फाटतं का गिऱ्हाइकाचं?"

"फाटत नाही. पण चढवलं की... गिऱ्हाईक खाली बसतं."

"आणि चढवण्याआधी?"

"आधी ठणठणीत! एकदम ताठ!" मास्तर जरा जोरातच बोलले. औषधासाठी शेजारच्या बाकावर थांबलेल्या आजीबाईंनी कौतुकाने मान डोलावली.

"सकाळी उठल्यावर? बाकीच्या वेळी?"

"तक्रार नाही."

"बरंय. मग गिऱ्हाइकाच्या तब्येतीत बहुतेक खोट नसावी. कधीही आणि कशानेही तसंच व्हायला लागलं तर मात्र डॉक्टरांकडे पाठवा, साखर, रक्तदाब तपासू. माप कसं आहे?"

या प्रश्नाचीच मास्तर वाट बघत होते. त्यांनी घडी केलेला कागद पुढे केला, छाती थोडी फुगवून. सिस्टरांनी तो उघडला, वाचला आणि टेबलावर ठेवला.

"ही तर लांबी."

"हो!"

"मास्तर," सिस्टर टेकून बसल्या. दोन महिने त्यांनी हे वाक्य जपून ठेवलं असणार. "लांबी कमी-जास्त झाली तर खपून जातं. घेर चुकला की संपलं. काखेत घट्ट झालं की हात वर होत नाही."

मास्तरांनी कागद मागे ओढून घेतला. पंचवीस वर्षं घेर, घेर म्हणून लोकांवर ओरडणारा माणूस, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा टेप घेऊन धावला कुठे? लांबीकडे! पुरुषाच्या जातीला एकदा का टेप मिळाली की तो दुसरं काही मोजतच नाही. घर मोजेल, शेत मोजेल, मिशी मोजेल, सगळं लांबीतच.

"आमच्याकडे येतात ती एकाच घेराची," सिस्टर पुढे म्हणाल्या. "मुळाशी आवळल्यासारखं होतं का?"

"पायमोज्याचं इलॅस्टिक रुतावं तसं."

"मग औषधाच्या दुकानातून मोठ्या घेराची आणा. मागायला लाजू नका. आणि ढिलीही नकोत, निसटतात. घासू नये म्हणून पाण्यात बनवलेली जेल मिळते, तिचा एक थेंब टोकात आत, बाकी बाहेरून. तेल अजिबात नाही."

मास्तरांचा हात नकळत खिशात गेला. तिथे मशीनच्या तेलाची कुपी होती. इस्त्रीवाल्याला त्यांनी 'एक गोष्ट चढवताना अडकते, काय करावं' असं आडून विचारलं होतं. तो म्हणाला होता, तेल घाला.

"तेलाने काय होतं?"

"रबर विरतं, फुटतं. मग बारशाला पेढे मलाच आणून द्याल. अजून एक. तुमच्या दुकानात पाटी कसली आहे?"

"ट्रायल घेतल्याशिवाय..." मास्तर थांबले.

"गिऱ्हाइकाने ट्रायल घेतली होती?"

"नाही."

"एकट्याने, निवांत, तीन-चार वेळा घालून बघायचं. हाताला सवय होऊ दे. बायकोसमोर पहिल्यांदाच परीक्षेला बसलं की कोणाचंही पाठांतर उडतं. आणि घालायचं काम तिच्याकडे देऊन बघा. काज-बटण तीच करते ना?"

"गिऱ्हाइकाची बायको," मास्तर म्हणाले.

"हो हो, गिऱ्हाइकाची," सिस्टर म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांनी तोंडाला रुमाल लावला.

औषधाच्या दुकानात मास्तर ताठ मानेने गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मोठ्या घेराचे कंडोम द्या." दुकानदाराने इकडे-तिकडे बघत ते वर्तमानपत्रात गुंडाळले, मग काळ्या पिशवीत घातले, तिला गाठ मारली. मास्तर भडकले. "बॉम्ब देताय का? सोडा ती गाठ! दूध उघडं नेतो, सुई-दोरा उघडा नेतो, हे का झाकून नेऊ?" आणि डबी हातात धरूनच बाहेर पडले. चौकापर्यंत गेल्यावर मात्र शर्टात घातली. शूर माणसालाही सासूची माणसं भेटतात.

शुक्रवारी दुपारी दुकानाच्या दाराला आतून कडी लागली आणि बाहेर खडूने लिहिलेली फळी अडकली: 'ट्रायल चालू आहे.' मास्तर स्वतःच्याच पडद्यामागे गेले. तिथल्या मोठ्या आरशात एवढ्या वर्षांत त्यांनी दुसऱ्यांचेच खांदे पाहिले होते.

पहिली ट्रायल फुकट. दुसरीला घेर बसला, पण टोक पिळून धरायचं राहिलं. तिसरी अशी बसली की मास्तर अभिमानाने आरशासमोर वळून उभे राहिले, आणि तोंडातून सवयीने निघालं, "आता बसून दाखवा. आता उभं राहा."

दारावर थाप. "मास्तर! आत कोण आहे?" इस्त्रीवाला.

"गिऱ्हाईक आहे!"

"मग कोणाशी बोलताय? त्याचा आवाज येत नाही!"

"लाजरं आहे!"

"फिटिंग बसलं का त्याचं?"

मास्तरांनी खाली पाहिलं. एवढ्या थापा, एवढा आरडाओरडा, तरी गिऱ्हाईक जागचं हललं नव्हतं. "बसलं!" ते ओरडले. "झक्क बसलं! जा आता!"

सोमवार आला. पोरं अकराला गेली. बायकोने टेबलावर अर्ध्या शिवलेल्या चार पँटी काढून ठेवल्या होत्या, मुद्दाम दिसतील अशा. मास्तरांनी त्या बाजूला सारल्या आणि डबी तिच्या हातात दिली.

"हे काय? मी?"

"काज-बटण तुझं खातं."

तिने डबी उलटसुलट करून वाचली. "मोठा घेर! कोण म्हणालं?"

"सिस्टर."

"त्यांना काय माहीत?"

"माप देऊन आलो."

त्यावर ती जी हसायला लागली, ती थांबेना. आणि या वेळी उशी घ्यायची गरज वाटली नाही, कारण मास्तरही हसत होते. हसता हसताच तिने पाकीट कडेला बोटाने चिमटून सरळ फाडलं. बारीक टाक्याचा हात तो, एका झटक्यात काम. मास्तर खाली बघायला लागले तशी तिने त्यांची हनुवटी वर उचलली.

"खाली नाही. माझ्याकडे बघा. कपडा कसा बसलाय ते गिऱ्हाइकाने बघायचं नसतं, मास्तरणीने बघायचं असतं."

मग त्यांनी तिला त्या नावाने हाक मारली.

बाहेर इस्त्रीवाला निखारे तयार ठेवून बसला होता. बारा वाजले, एक वाजला, दुकान काही उघडेना. तो उठला, जवळ गेला आणि आतून दोघांचं खिदळणं ऐकून आल्या पावली परतला. मंगळवारी सकाळी त्याने रडवेल्या तोंडाने विचारलं, "वहिनी, सोमवारी उघडणार होता ना?"

वहिनी स्टुलावर चढून भिंतीवर खिळा ठोकत होत्या. ट्रायलच्या पाटीखाली त्याच मापाची नवी पाटी, अक्षर मात्र बारीक, टाक्यासारखं: 'सोमवारी दुकान बंद. कोणालाही कितीही घाई असली तरी.'

"भाऊजी," ती वरूनच म्हणाली, "खोकल्याला औषध घ्या. आणि दर सोमवारी घ्या."