आक्काच्या वाडीतली दगडी वाट

आमचं माहेर पालघर. थोरली बहीण आक्का तारापूरला दिलेली. तिची नजर अधू होत चालल्याचं कळलं आणि मी थंडीत निघालेच. वीजप्रकल्पाचं काम तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. आता बोईसरला उतरलं की हवी तेवढी वाहनं मिळतात. तेव्हा एसटी चुकली की टांगा करायचा आणि खडीच्या ट्रकांमागची धूळ खात जायचं. टांगेवाल्याने सव्वा रुपया घेतला आणि वाटभर रस्त्याला शिव्या घातल्या.

जेवायला ओले बोंबील आणि तांदळाची भाकरी होती. तेवढ्यासाठी कुणीही ती धूळ खावी. हात धुतो न धुतो तोच भाऊजींनी मला मागच्या वाडीत नेलं. आक्का ठेचकाळू नये म्हणून त्यांनी वाफ्यांमधून सपाट काळ्या दगडांची वाट बांधली होती. तिला वाकावं लागू नये म्हणून वाफ्यावाफ्यावर बांबूचे मांडव घातले होते. दुधी, घेवडा, तोंडली, सगळं हाताच्या उंचीला लोंबत होतं.

"आता तिला दिसलं नाय तरी वाडी तिचीच हाय," ते म्हणाले.

इतकी देखणी वाडी मी त्या पट्ट्यात पाहिली नव्हती. आक्का मात्र मागच्या दारातच बसून होती.

सकाळी भाऊजी बाजारात गेल्यावर मी तिला हात धरून वाटेवर आणलं. चार पावलं टाकून ती थांबली.

"कुठं हाय मी?"

"घेवड्यापाशी."

"मी अनवाणी फिरायची, शालू. दुधीपाशी माती भुसभुशीत, तोंडलीपाशी पाटाचा गारवा. कुठला वाफा सुकलाय ते पायाला कळायचं. आता सगळीकडं दगडच लागतो."

"मग सांग ना भाऊजींना."

"हात सोलून घेतले त्यांनी माझ्यापायी. कशी सांगू?"

मी तिला परत मागच्या दाराशी आणून बसवलं. निघताना भाऊजींनी तिला माझ्यासमोरच विचारलं, "वाट बरी झालीय ना?"

"बेस हाय," आक्का म्हणाली.

त्यांचा चेहरा असा खुलला की माझ्याच्याने बघवेना. लगेच जाऊन त्यांनी माझी पिशवी घेवड्याने भरून आणली. आजवर ती आक्का भरायची.

घरी आल्यावर भाजी केली. शेंगा कोवळ्या, गोड होत्या. जेवताना मला रडूच आलं. "तिकडे भांडण झालं का?" ह्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. रागवायला कुणी असतं तर बरं झालं असतं.