नुसत्या बांगड्या

पोशीरच्या अंबाबाईच्या जितेशला लहानपणापासून एक खोड होती. नासलेल्या दुधाचा वास आला की माणूस जसं तोंड करतो, तसं तोंड तो वाईट आवाज ऐकल्यावर करायचा. गावात कुणाच्या हळदीला डीजे लागला की पोरं नाचायला पळायची आणि हा मागच्या दारानं बांधावर. “आवाज नासलाय,” म्हणायचा. गणपतीतला फाटका कर्णा असो की शेजाऱ्याच्या मोबाइलवरचं गाणं, त्याचा शेरा एकच. बाप कावून म्हणायचा, “देवानं ह्याला कान द्यायलाच नको व्हते.”

मोठेपणी ती खोड गेली नाही, फक्त महाग झाली.

कुंभिवलीजवळ प्लॅस्टिकचे डबे बनवणाऱ्या एका कंपनीत तो मशीनवर लागला. लग्न झाल्यावर भाग्यश्रीला घेऊन दहिवलीत भाड्यानं राहायला आला. सकाळी कंपनीची बस त्याला घ्यायची आणि पळसदरी, खोपोली करत कुंभिवलीला सोडायची. ड्रायव्हरला मोठ्यानं गाणी लावायची हौस, आणि त्याच्या स्पीकरचा पडदा फाटलेला. त्या फडफडीतून जीव वाचवायला जितेशनं एक चांगला वायरचा हेडफोन घेतला, तर नव्या फोनला पिन खुपसायला भोकच नव्हतं. मग घेतला रिसीव्हर. काडेपेटीएवढी डबी, चिमट्यानं कॉलरला अडकवायची. हेडफोनची पिन डबीत जायची आणि खिशातला फोन हवेतून डबीला गाणं पाठवायचा.

तिथं त्याला कोडेक हा शब्द भेटला. भाग्यश्रीनं विचारलं तेव्हा त्यानं तिला समजावलं, “पेंढा टेंपोत मावावा म्हणून दाबून दाबून गठ्ठे बांधतात ना? तसंच हाय. फोन गाणं दाबतो, गठ्ठा करतो, हवेतून धाडतो. डबी पलीकडं गठ्ठा सोडते. दाबायची प्रत्येकाची रीत वेगळी, ती रीत म्हंजे कोडेक. कुणी असा दाबतो की पेंढा सोडल्यावर पुन्हा उभा राहतो, कुणी पार भुगा करतो.”

“आनि तुमाला तो भुगा कळतो?”

“कळतो ना. तोच तर वांधा हाय.”

त्याला खरंच कळायचा. एसबीसी म्हणजे सगळ्या डब्यांत असणारी सगळ्यात जुनी रीत. तिच्यात झांज वाजली की त्याला पत्र्यावर वाळू सांडल्यासारखं व्हायचं. एएसी जरा बरी, पण त्याच्या फोनवर तिचा भरवसा नव्हता. एपीटीएक्स स्वच्छ, पण कोरडी. आणि एलडॅक सगळ्यात मोठा गठ्ठा पाठवणारी. शांत बसलं तर सुरेख, पण फोन मागच्या खिशात गेला आणि मध्ये माणसाचं अंग आलं की लगेच अडखळायची. बसमध्ये बसून तो एकच गाणं एका रीतीनं ऐकायचा, बदलून दुसऱ्या रीतीनं ऐकायचा. शेजारी बसणारा सुनील म्हणायचा, “अरं, गानं संपू तरी दे.”

फोनवरच्या एका ग्रुपात तो शिरला. ‘ध्वनिरसिक’ नावाचा. कर्जत बाजारपेठेतल्या जुन्या घरातला, आता मुंबईत मोठ्या पगारावर असलेला केयूर नावाचा माणूस तो ग्रुप चालवायचा. दीडशे माणसं, आणि दिवसभर डब्यांची तुलना. कुठल्या डबीत कुठला कोडेक, कशात ‘हवा’ जास्त, कशात ‘मखमल’ जास्त. ऐकायला सगळ्यांकडे परदेशातली तीच चार-पाच गाणी. जितेशला वाटलं, आपण काही वेगळं द्यावं.

त्याच्याकडे एक चीज होती. चुलत बहिणीच्या हळदीच्या आदल्या दिवशी पोशीरच्या घरात त्याच्या आईनं हळद कुटताना गाणं म्हटलं होतं, ते त्यानं चांगल्या रेकॉर्डरवर धरून ठेवलं होतं. पडवीत उखळ, समोर अंबाबाई, हातात मुसळ. दोन्ही मनगटांत हिरवा चुडा भरलेला. ती गात होती:

“पाटाचं पानी गं वळवलं बांधानं,
माजी गं लेक वळवली हळकुंडानं.”

अंबाबाईचा आवाज काही गोड नव्हता. पण तालुक्यात कुणाच्याही मांडवात तिला मानानं बोलावणं यायचं, ते ह्या गाण्यांसाठी. तिच्या सासूकडून आलेली, सासूला तिच्या सासूकडून. ते रेकॉर्डिंग न दाबता, न आवळता, आहे तसं जितेशनं ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘माझी आई.’

ग्रुप खुळा झाला. पण कशावर? बांगड्यांवर. प्रत्येक घावाला त्या काचेच्या बांगड्या किणकिणायच्या, आणि तो आवाज इतका बारीक, इतका एकमेकांत गुंतलेला, की कुठला कोडेक कुठं लबाडी करतो ते तिथं उघडं पडायचं. ‘एसबीसीत बांगड्या चिकटतात, एलडॅकमध्ये एकेक सुटी मोजता येते,’ असं कुणी लिहिलं. ‘जबरदस्त टेस्ट ट्रॅक,’ दुसऱ्यानं. जितेश पहिले दोन दिवस हवेत होता. मग तिसऱ्या कुणीतरी लिहिलं, ‘मध्येच बाई खोकते, तेवढं काढता येईल का?’ त्याच्या खाली एकानं, ‘बाईचा आवाजच मध्ये येतो हो. बांगड्या नीट ऐकू देत नाही.’

ह्या ओळीला अकरा जणांनी पसंतीचा अंगठा दिला. जितेशनं फोन उलटा ठेवला आणि जेवायला बसला, पण घास तोंडातच फिरत राहिला.

दोनच दिवसांत केयूरनं तोडगा काढला. गाण्याच्या दोन ओळींमधल्या जागा, जिथं अंबाबाई दम घ्यायची आणि नुसतं मुसळ चालायचं, तेवढ्याच कापून त्यानं एकापुढं एक जोडल्या. नाव दिलं ‘पोशीर बांगडी टेस्ट’. गाणं गेलं, खोकला गेला, आईही गेली. राहिल्या बांगड्या.

महिन्याभरानं केयूरच्या खालापूरजवळच्या फार्महाऊसवर ग्रुपची बैठक ठरली. भाग्यश्री म्हणाली, “जाऊ नका. तुमी तिकडून तोंड वाकडं करूनच येनार.” पण जितेश गेला. एकदा समोरासमोर बोलू, असं त्याच्या मनात होतं.

व्हरांड्यात आठ-दहा जण आरामखुर्च्यांत पसरले होते. गळ्यात, कॉलरला, खिशाला डब्या लटकलेल्या. टेबलावर आणखी डब्या, मधोमध कोंबडीची ताटं. एकेक जण डोळे मिटायचा, कोडेक बदलायचा आणि बांगड्या ऐकायचा. मटणाचा रस्सा भुरकताना करावा तसा ‘अहाहा’ करायचा. एकाच्या मिशीला मसाला लागलेला होता आणि तो डोळे मिटून, मान डोलावत म्हणत होता, “उजव्या हातातली तिसरी. ऐका, ऐका. हीच एसबीसीत मरते.” जितेशच्या अंगावर शहारा आला. आपल्या आईच्या मनगटाला हे सगळे परके हात लावतायत, असं काहीतरी त्याला वाटलं.

“काचेच्या आहेत ना रे?” मिशीवाल्यानं विचारलं. “जाड काच की पातळ?”

“लग्नाचा चुडा हाय,” जितेश म्हणाला. “ती काय गाते ते ऐकलं का तुमी कुनी?”

“ती गावाकडची भाषा समजत नाही रे तशी. पण आवाजाचा पोत मस्त आहे हं. देशी.”

केयूर हसत आला, पाठीवर हात ठेवला. “जितेश, तू आमचा हिरो आहेस. एक काम कर. पुढच्या खेपेला आईला काचेबरोबर दोन धातूच्या घालायला सांग. धातू आणि काच एकत्र आली की कोडेकचा कस लागेल. आणि हे बघ, त्यांना म्हणावं, गाऊ नका. नुसतं कुटा.”

जितेशनं त्याच्याकडे पाहिलं. बोलायचं ठरवून आलेलं सगळं तसंच राहिलं. “केयूरसर, हात काढा,” एवढंच तो म्हणाला. टेबलावरची आपली डबी उचलली, हेडफोन गुंडाळला आणि फाटकाबाहेर पडला. मागून कुणीतरी म्हणालं, “काय झालं ह्याला?” कुणीतरी उत्तर दिलं, “इमोशनल आहे.” हमरस्त्यापर्यंत तो चालत आला आणि कडेला दोनदा थुंकला. तोंडात काही नव्हतं तरी.

त्या संध्याकाळी त्यानं ग्रुपवर लिहिलं, ‘माझ्या आईचा आवाज काढून टाकलेली फाइल सगळ्यांनी पुसावी.’ उत्तरादाखल केयूरनं त्यालाच ग्रुपातून पुसला.

पुढच्या रविवारी तो पोशीरला गेला. अंबाबाई अंगणात वाल निवडत होती. त्यानं सगळी कथा सांगितली, फार्महाऊस, मिशी, ‘नुसतं कुटा’, सगळं. तिला राग येईल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, “बांगड्या चांगल्या वाजल्या म्हनतात ना? त्या नेरळच्या कासाराकडच्या हायत. चांगलाच माल देतो तो.”

“आये, तुला कळतंय का मी काय सांगतोय? त्यांनी तुला कापून टाकली.”

“मना कोन कापनार रं? मी हितं बसलेय.” तिनं सूप बाजूला ठेवलं. “मना तरी ऐकीव. मी कुठं ऐकलंय अजून?”

जितेश चपापला. साऱ्या दुनियेला ऐकवलेलं गाणं त्यानं जिचं तिला ऐकवलं नव्हतं. त्यानं तिच्या पदरावरून हेडफोन चढवला, डबी हातात दिली आणि आधी एलडॅक लावला. अंबाबाई कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली. मग त्यानं एसबीसी लावला. तिचा चेहरा खुलला.

“हा चांगला हाय. हाच ठेव.”

“आये, हा सगळ्यात भिकार हाय!”

“असू दे. पहिल्यात माज्या पडलेल्या दाताची शिट्टी वाजते. ह्याच्यात जरा दबते.”

जितेशला तिचाही वैताग आला. इतक्या वर्षांची पारख, आणि घरचं माणूस भुसा निवडतं. पण तिनं ते गाणं तीनदा ऐकलं, आणि तिसऱ्यांदा ऐकताना तिचा हात मांडीवर मुसळाचा ताल धरत होता, हे त्याला दिसलं.

दिवाळीच्या सुमाराला तो आणि सुनील कुंभिवलीच्या हायवेवरच्या एका मोठ्या मोबाइलच्या दुकानात शिरले. सुनीलला चार्जर हवा होता. काउंटरवर एका नव्या रिसीव्हरचं खोकं मांडलेलं, आणि तिथला विक्रेता मुंबईहून लोणावळ्याला निघालेल्या एका जोडप्याला हेडफोन चढवून सांगत होता, “मॅडम, बांगड्या ऐका. हा साधा. आता हा एलडॅक. बघा, पडदा उठला की नाही?”

हेडफोनमधून झिरपणारा तो आवाज जितेशनं तीन हातांवरून ओळखला.

“हे कुठून आनलं?” त्यानं विचारलं.

“कंपनीचं डेमो आहे सर. साऊथकडचं कुठलंतरी म्युझिक आहे.”

“साऊथ नाय. पोशीर. ती माजी आई हाय.”

विक्रेत्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जोडपं हसलं. मग विक्रेत्यालाही हसू आलं, आणि धंद्याच्या हुशारीनं तो म्हणाला, “असं का? मग तुम्हाला दहा टक्के डिस्काउंट, सर. आईच्या नावानं.”

सुनीलनं दंड धरून बाहेर ओढला नसता तर जितेशनं ते खोकं काउंटरवरून भिरकावलं असतं. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, “सुनील, मना ह्या सगळ्याची शिसारी आली. डब्यांची, कोडेकची, ऐकनाऱ्यांची. माजी सोताची पन.” डबी त्यानं भाग्यश्रीच्या शिवणाच्या पेटीत टाकून दिली. बसमध्ये ड्रायव्हरचा फाटका स्पीकर ऐकत, दात आवळून तो जायला लागला.

जानेवारीत पोशीरला वालाच्या शेंगा न्यायला गेला असताना त्याला एक फोन आला. “मी समीक्षा. पेणला शाळेत शिकवते. ‘ध्वनिरसिक’मध्ये होते, तुमचा नंबर तिथूनच घेतला होता.”

ग्रुपचं नाव ऐकताच जितेशचा आवाज चढला. “बांगड्या पाहिजेत? आनखी कापायच्या हायत?”

“नाही हो. माझ्याकडे तुमची पहिली, अख्खी फाइल आहे. त्यातली खोकला येतो तिथली ओळ मला लागत नाही. मी दोन रिसीव्हरवर ऐकली, सगळे कोडेक लावून पाहिले. एलडॅकवर ‘चुलीचा’ एवढं कळतं, पुढं काहीच नाही. मला वाटलं, माझाच रिसीव्हर खराब आहे.”

“भंगार असंल,” जितेश खेकसला. “सगळ्याच भंगार असतात. ठेवतो.”

“कोन हाय रं?” अंबाबाई चुलीपुढून उठून आली.

“कुनी नाय. पेनची बाई हाय. तुझ्या गान्याची कुठलीतरी ओळ विचारते.”

अंबाबाईनं ओल्या हातानं फोन त्याच्याकडून काढून घेतला आणि सवयीनं स्पीकर लावला. “बोल गं बाय. कंची ओळ?”

समीक्षानं सांगितलं. अंबाबाई खळखळून हसली. “अगं, ती तुला कशी ऐकू येनार? ‘चुलीचा’ म्हनलं आनि मना ठसका लागला, म्हनून मी ती ओळ तितंच सोडून दिली. पुढं गायलीच नाय!”

पलीकडेही हसण्याचा आवाज आला. जितेश भिंतीला टेकून उभा होता. सगळे कोडेक लावून एक बाई जी ओळ शोधत बसली होती, ती त्या दिवशी पडवीत पहिल्या शब्दापुढं उमटलीच नव्हती, आणि रेकॉर्डिंग करणाऱ्या त्याच्यासुद्धा ते ध्यानात आलं नव्हतं. त्याच्या कानात खोकला होता, बांगड्या होत्या. ओळ नव्हती.

“आता म्हनते. लिवून घे,” अंबाबाई म्हणाली, आणि चुलीपाशी बसून, फोन मांडीवर ठेवून, मोकळ्या गळ्यानं गाऊ लागली:

“चुलीचा जाळ गं फुंकते फुंकनी,
उद्यापासनं घराला नाय गं राखनी.”

फोनवरून काय जात असेल ते जितेशला पक्कं ठाऊक होतं. कॉलचा आवाज म्हणजे दाबून दाबून उरलेला चोथा. ना खालचा नाद, ना वरची धार. आईचा गळा पेणमध्ये पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाजत असणार. त्याचं तोंड आपोआप वाकडं झालं. पण पलीकडून समीक्षाचा आवाज आला, “थांबा, थांबा, ‘राखनी’ना? पुन्हा म्हणा ना,” आणि अंबाबाईनं पुन्हा पहिल्यापासून धरलं.

तेवढ्यात त्याला दिसलं की तिनं फोन पालथा ठेवलाय आणि माइकची बाजू लुगड्याच्या घडीत गेलीय. तो पुढं वाकला, गाणं न मोडता फोन हळूच काढला आणि तिच्या तोंडासमोर धरून बसला.