द दगडाचा, ड डमरूचा

माझ्या नवऱ्याची साखर मी वाढवली. स्वतःच्या तोंडाने, भर पंगतीत, तीनशे माणसांसमोर!

डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुढच्या तपासणीत साखर उतरली नाही, तर इंजेक्शन." माझ्या वडिलांना बारा वर्षं सुया टोचून घेताना मी पाहिलंय. त्यामुळे मी मनापासून घाबरले, आणि मी घाबरले की घरात हुकूमशाही येते. एका जेवणाला एक वाटी भात. वाटी आमटीची, भात सपाट, वरून सुरी फिरवलेली. डोंगर चालणार नाही!

"आणि अहो, किती वाढायचं ते मी सांगेन. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"मग जेवू कसं?" सुधाकररावांनी विचारलं. (मी लक्ष दिलं नाही.)

हे अकरा वर्षं तमिळ मुलखातल्या 'आवडी' नावाच्या गावी फॅक्टरीत. मी मात्र सांगलीला तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला बाराखडी शिकवून, निवृत्त होऊन, गेल्या वर्षी इथे आले. ह्यांना तमिळ येत नाही हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं, कारण भाजीवाल्यापुढे हे नुसती मान डोलवायचे. तेव्हा शेजारणीकडून मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलेल्या दहा तमिळ शब्दांवर आमचा संसार मीच चालवत होते.

आणि नेमकं तपासणीच्या आदल्या दिवशी ह्यांच्या फॅक्टरीतल्या रावांच्या मुलीचं लग्न! राव तंजावरचे मराठी. घरात मराठी बोलतात, पण पंगत अस्सल तमिळ. केळीचं पान, आणि बादली घेऊन धावणारे वाढपी.

वरण-तुपाचा भात पडला. एक वाटी, ठीक. सांबाराचा भात घेऊन वाढपी परत आला तशी मी यादीतला 'पुरे' काढला आणि ह्यांच्या पानाकडे बोट दाखवून म्हटलं, "पोडुंगा!"

त्याने हसून भाताचा डाव पानात उलटा केला.

"अहो, बहिरा आहे का हा?" मी आवाज चढवला. "पोडुंगा! पोडुंगा!"

दुसरा डाव. मग तिसरा! पानात तीन वाट्या होत्या, सुरी न फिरवलेल्या!

"टाका तो भात," मी कुजबुजले.

"पानात टाकायचं नाही, हे तूच शिकवलंस," ह्यांनी हळूच म्हटलं आणि कालवायला घेतलं.

रसमभाताच्या वेळी मी खुर्चीवरून उठून दोन्ही हात जोडले. "पोडुंगा, अण्णा, पोडुंगा!" अण्णा गहिवरला. त्याने मागे वळून हाक दिली आणि पायसमवाला खिरीची बादली घेऊन पळत आला. एक वाटी, दोन वाट्या. मला ती सुई दिसायला लागली.

तेवढ्यात राववहिनी आग्रह करायला आल्या. "काय वहिनी, किती प्रेम हो तुमचं! आमच्यात कुणी बायको उभी राहून नवऱ्याला एवढं वाढायला सांगत नाही."

"वाढायला? अहो, मी पुरे म्हणतेय!"

"पुरे म्हणजे पोदुंगा! द, दगडाचा द! तुम्ही पोडुंगा म्हणताय. पोडुंगा म्हणजे वाढा!"

तीस वर्षं मी पोरांना 'द दगडाचा, ड डमरूचा' घोकवलं होतं, आणि मोबाइलमधल्या इंग्रजी 'd'ला मीच फसले! मी मटकन खाली बसले.

"अगंबाई, असं होय!" ह्यांनी पायसमची वाटी खाली ठेवत म्हटलं. रिकामी.

घरी पोचेपर्यंत मी 'पोदुंगा, पोदुंगा' असा जप केला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. ते तमिळमध्ये काहीतरी बोलले. त्यातला 'ऊसि' तेवढा मला कळला. ऊसि म्हणजे सुई! मी घाबरून दोन्ही हात जोडले आणि जिवाच्या आकांताने ओरडले,

"पोडुंगा!"

"व्हेरी गुड," डॉक्टर म्हणाले. सुईपुढे पोडुंगा म्हणजे टोचा, आणि एवढ्या कळकळीने टोचा म्हणणारी बायको त्यांनी पाहिली नसावी. त्यांनी नर्सला हाक मारली.

आणि सुधाकरराव उभे राहिले. घडाघडा, न अडखळता, हातवारे करून ते पाच मिनिटं तमिळ बोलले! डॉक्टर हसले, नर्स हसली, दारातला शिपाईसुद्धा हसला. इंजेक्शन एक महिना पुढे ढकललं गेलं.

"तुम्हाला एवढं तमिळ येतं?"

"अकरा वर्षं फॅक्टरीत काय मराठीत काम करतोय?"

"मग काल बोलला का नाहीत?"

"तूच म्हणालीस, तोंड उघडायचं नाही." वर म्हणाले, "आणि पायसम फार छान होतं गं."

डॉक्टरांनी महिनाभराची सवलत एकाच अटीवर दिली: भात ह्यांनी स्वतः मोजून घ्यायचा, मॅडमनी मध्ये बोलायचं नाही. आता वाटी आणि सुरी ह्यांच्या ताब्यात आहे. माझ्याकडे ह्यांनी आणलेली दुरेघी वही आहे. त्यात मी रोज एक पान 'द' काढते, आणि पान तपासल्याशिवाय हे मला पोळी वाढत नाहीत.